चारशे दहा ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पण किराणा दुकानातला नव्हे. मी शवागारात टांगलेला आहे. माणूस कशाने गेला हे कळेना, की त्याचं हृदय, यकृत, फुप्फुसं माझ्या ताटलीत ठेवतात. घाबरू नका. मेलेल्यांनी मला कधीच त्रास दिला नाही. जिवंतांबद्दल मात्र मला फारसं चांगलं बोलता येणार नाही.

मला घडवणारा कारागीर चोख होता. ग्रॅमभराची चूक निघाली म्हणून त्याने मला दोनदा उघडून पुन्हा जोडलं. इथल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंनी वीस वर्षं मला मान दिला. त्या निवृत्त झाल्या आणि आले ठोकताळे डॉक्टर. हे नाव शवागाराचे मदतनीस मामा यांनी ठेवलेलं. डॉक्टर दारातूनच प्रेताकडे बघत आणि हातातला चहा निवायच्या आत अहवाल लिहून मोकळे होत. कारण ठरलेलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. ती बंद न पडता कोणी मेल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. पोलीस ठाण्याच्या मोठ्या साहेबांना असे अहवाल फार आवडत. फाईल मिटली की त्यांना झोप छान लागे.

एका वर्षी एकाच वृद्धाश्रमातून तीन महिन्यांत तीन माणसं आली. तिसरी एक निवृत्त शिवणशिक्षिका होती. तिच्या मुलीने प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला. आदल्या सकाळी फोनवर आईची जीभ जड झाली होती, असं ती ज्याला त्याला सांगत राहिली. साहेबांनी तिला, वय झालं की असंच व्हायचं, असा उपदेश केला. ऐकून घेतलं ते फक्त एका तपास अधिकारी बाईंनी.

बाई शवागारात आल्या आणि त्यांनी तीन अहवाल टेबलावर मांडले.

"डॉक्टर, यातला एक माणूस पंचेचाळीस किलोचा, एक नव्वदचा. तरी तिघांचं उजवं फुप्फुस बरोबर चारशे दहा ग्रॅम कसं?"

"म्हातारपणी सगळे सारखेच होतात हो," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी माझ्या ताटलीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी मामांना विचारलं, हा शेवटचा कधी वापरला?

मामा डॉक्टरांकडे न बघता म्हणाले, "सहा वर्षं झाली, बाई. या तिसऱ्या मावशींना तर अजून सुरीही लागलेली नाही."

डॉक्टरांनी घसा खाकरला. लाज लपवायला माणसांना एवढं पुरतं.

दुसऱ्या गावाहून डॉक्टर बोलावले गेले. मामांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. शिक्षिकेचं उजवं फुप्फुस माझ्या ताटलीत आलं आणि काटा आठशे तीसवर थांबला. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. असं विषबाधेनेही होतं, म्हणून रक्त तपासायला पाठवलं, तर त्यात झोपेचं औषध मात्रेच्या कितीतरी पट निघालं. आश्रमाच्या व्यवस्थापकाने कबुली दिली. कुरकुर करणाऱ्या म्हाताऱ्यांना तो गप्प झोपवत असे. त्याचा आश्रम शांततेसाठी नावाजलेला होता.

त्याला शिक्षा झाली, पण एकाच मृत्यूची. पहिल्या दोघांचे देह केव्हाच जळून गेले होते. त्यांच्या नावापुढे आजही तेच चारशे दहा ग्रॅम लिहिलेलं आहे. ठोकताळे डॉक्टरांची बदली झाली. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या अनुभवी नजरेची तारीफ केली आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मी लोखंड आहे, आणखी शंभर वर्षं टांगलेला राहीन. पण उद्या तुमच्या माणसाबद्दल कोणी मोठ्या तोऱ्यात काही सांगितलं, तर मान डोलावू नका. त्याला विचारा, मोजलं होतं का? तो चिडला, तर समजा, मोजलेलं नाही.