गुरगुऱ्या गायला लागला

“विकले गेलेत हे! सरळ सांगतो, विकले गेलेत!” डेंटरने गाणं बंद केलं आणि हातातला लाकडी हातोडा बाकावर आपटला.

गॅरेजचं शटर खाली ओढलेलं होतं. आवडत्या रॉक बँडचा नवा अल्बम आला की तिघांनी तो पहिल्यांदा इथेच, एकत्र ऐकायचा आणि संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, हा त्यांचा पोरवयापासूनचा नेम. आज तिसऱ्याच गाण्याला डेंटरचा तोल गेला. ज्या गायकाला ते लाडाने गुरगुऱ्या म्हणत, ज्याच्या एका आरोळीने भिंतीला टेकवलेले गाड्यांचे दरवाजे थरथरत, तो चक्क गात होता. सुरात. मागे व्हायोलिनं.

“मला आवडलं,” न्हावी म्हणाला.

“तुला आवडणारच. तुझ्या दुकानात दिवसभर असलंच रडगाणं चालू असतं.”

“अरे, पन्नाशीला आला तो. किती दिवस बोंबलणार?”

“आपण नाही आलो पन्नाशीला?”

“आलो ना. म्हणूनच आवडलं.”

“गिटार मात्र अजून तशीच आहे हं,” कंपाउंडर हळूच म्हणाला.

“तू गप रे! तुझे नेहमी दोन्ही डगरींवर हात.”

डेंटरच्या मस्तकात तिडीक गेली होती. दुसऱ्यांनी ठोकलेल्या गाड्या तो जन्मभर सरळ करत आला. गाडीवाल्यांची बोलणी खाल्ली, शेठची खाल्ली, उलट कधी बोलला नाही. त्याच्या वाटचं ओरडायला तो गुरगुऱ्या होता. आता तोही शहाण्यासारखा वागायला लागला, तर डेंटरने जायचं कुठे?

न्हाव्याने घसा खाकरला. “खरं सांगू? मी कालच ऐकला. घरी, बायकोबरोबर.”

“नेम मोडलास?”

“मोडला. आणि तू आत्ता काय केलंस? बायको पहिल्यांदा शेजारी बसून ऐकत होती रे माझ्या.”

“चालता हो.” डेंटरने शटर खाडकन वर केलं.

न्हावी उठला. जाता जाता म्हणाला, “माझ्या बायकोला ती गाणी वहिनींनीच पाठवली. तुझ्या बायकोने. तुला सांगायला घाबरतात.”

डेंटर घरी निघाला तो धुमसतच. त्याचं म्हणून जगात एवढं एकच होतं, त्यातही आता सगळ्यांनी हात घालावा? जिन्यातच त्याला गाणं ऐकू आलं. तेच, तिसरं. आणि त्यावर बायकोचा आवाज, बारीक, पण अगदी मोकळा. त्याने दार ढकललं. तिने घाईघाईने फोन बंद केला.

“चुकून लागलं होतं,” ती म्हणाली.

“चुकून शब्द पाठ होतात?”

तिने सुरी खाली ठेवली. “होय, आवडलं मला! तुमच्यातलं काहीतरी मला आवडलं, तर तुमचं काय बिघडलं? इतकी वर्षं दार लावून ऐकत बसलात. एकदा तरी म्हणालात, ये, बस म्हणून?”

“तूच कानात कापूस घालायचीस.”

“दाराबाहेर उभं राहून दुसरं काय करायचं होतं मी?”

त्याला ‘लाव परत’ एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण राग अजून उतरला नव्हता, आणि तोंडातून निघालं भलतंच. “त्या गाण्यात काही दम नाही.”

“नसू दे,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून भाजी चिरायला लागली.

तो दारातच बसून बूट काढू लागला. एक काढला, मग दुसरा. तरी उठला नाही. ती पुन्हा गुणगुणेल म्हणून तो कान देऊन बसला होता. आतून फक्त सुरीचा आवाज येत होता.