काकांनी निवडलेली गाडी

दिफालाने गावाच्या पश्चिम वस्तीच्या चावडीवर जी नोंदवही असते, तीत गेल्या हिवाळ्यातली एक नोंद अशी आहे: “कुमारी केसेगो केनोसी हिने पहिले वाहन घेताना कुटुंबाने, तिची सुरक्षितता व प्रतिष्ठा ध्यानी घेऊन, सर्वानुमते लहान मोटारीचा सल्ला दिला व तिने तो स्वखुशीने मानला. त्यानंतर सलग तीन वर्षे ती गुरांच्या ठाण्यावर डागणीस उपस्थित राहिली नाही, हा तिचा स्वतःचा निर्णय होय. सबब त्या काळात जन्मलेल्या वासरांवर सांभाळ करणाऱ्याचा, म्हणजे तिचे काका श्री. मोरापेडी यांचा, हक्क वस्तीच्या प्रघातानुसार ग्राह्य दिसतो.”

नोंद सुवाच्य आहे, खाली शिक्का आहे, आणि तिच्यात एक गोष्ट निर्विवाद आहे: मोटार लहान होती.

बाकीचे तपासून पाहावे. ‘सर्वानुमते’ म्हणजे कोणाकोणाच्या मते? केसेगोची आई त्या दिवशी घरी चवळी निवडत बसली होती. तिला कोणी विचारले नाही. काकूला तर लग्न झाल्यापासून कोणी काही विचारलेले नाही, आणि तिनेही आता विचारले जाण्याची आशा सोडलेली आहे. उरले मोरापेडी काका. एक टोपी घातलेला गृहस्थ ‘सर्व’ होऊ शकतो, हे व्याकरणाला मान्य नसले तरी चावडीला मान्य आहे. ‘सुरक्षितता’ हा शब्दही असाच. प्रत्येक मयताला याच गृहस्थांच्या पिकअपच्या हौद्यात आठ-आठ बायका दांडा धरून उभ्या राहून जातात. त्यांच्या सुरक्षिततेने काकांची झोप उडाल्याचे कोणाला आठवत नाही.

राहिली ‘स्वखुशी’. तिची हकिकत थोडी लांब आहे.

केसेगो गावच्या दवाखान्यात औषधे देते. तिचा बाप केनोसी मरण्याआधी एक काम नीट करून गेला होता: एकोणीस गाई त्याने मुलीच्या नावे केल्या आणि गुरांच्या अंगावर उमटवायचा तिच्या नावाचा वेगळा डाग सरकारदरबारी नोंदवला. तो लोखंडी डाग आईच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला होता. गाई मात्र काकांच्या ठाण्यावर, कारण पाणी तिथे, विहीर तिथे, आणि बापाची गुरे भावाच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात असणे यात कोणाला वावगे वाटत नव्हते. ठाणे गावापासून साठ किलोमीटर. पहिले आठ मुरुमाचे, उरलेले वाळूचे. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, नव्या वासरांना डाग देतात. प्रघात असा की मालकाने आपला डाग घेऊन स्वतः उभे राहायचे. मालक आला नाही तर सांभाळणारा डाग देतो. आणि ज्याच्या हातात लोखंड असते, त्याला बहुधा आपलेच लोखंड सापडते.

म्हणून केसेगोला वाहन हवे होते. केस विंचरून रविवारी प्रार्थनेला मिरवत जायला नव्हे. सहा वर्षे तिने पगारातून बाजूला टाकले, रात्रपाळ्या केल्या, वाहन चालवण्याचा परवाना दुसऱ्या प्रयत्नात काढला आणि मनाशी ठरवले: एक छोटी पिकअप. मागे पाण्याची टाकी, मिठाचे दगड, आपला डाग, पुढे आपण.

मोगोदित्शानेच्या रस्त्याला जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांची आवारे आहेत. तिथे तिला दोन गाड्या परवडण्यासारख्या सापडल्या. एक पांढरी पिकअप, दोन माणसांच्या बैठकीची, चाके उंच, हौद्याला दोन ठिकाणी पोचे. दुसरी डाळिंबी रंगाची छोटी गाडी, काचेवर अजून जपानी अक्षरांचा कागद चिकटलेला. किंमत जवळपास सारखी. काका सोबत होते, कारण बाईमाणसाने एकटीने गाडी निवडू नये, असे त्यांनीच आदल्या दिवशी ठरवले होते.

विक्रेता बाकांग हा बोलका माणूस होता, बायकांना तिकडच्या रीतीने आदराने ‘म्मा’ म्हणणारा. “म्मा, खरं सांगू? ही डाळिंबी घ्याल तर सकाळी दार उघडायचं, बसायचं, कामावर. ती पांढरी घ्याल तर सकाळी दारात सात जण उभे. एकाला सरपण, एकाला सिमेंट, एकाला मेलेली आत्या न्यायचीये.”

“आमची आत्या धडधाकट आहे,” केसेगो म्हणाली.

“पिकअप घेऊन तर बघा. आठवड्यात मरेल.”

ती हसली. तक्रार खोटी नव्हती. पिकअपवाला माणूस आपल्या वस्तीचा बिनपगारी नोकर असतो. पण ती किंमत तिने आधीच मनात धरली होती. ती पांढऱ्या गाडीखाली वाकली, आसाला हात लावून पाहिला, मग हौद्यात चढून उभी राहिली. तिथून तिला आवाराचे कुंपण आणि त्यापलीकडचा रस्ता दिसला, आणि चार-दोन क्षण ती फार खूश होती.

“उतर खाली,” काका म्हणाले. “लोक बघतायत. कोंबड्या विकायला निघाल्यासारखी उभी काय राहिलीस?”

“काका, मला ही हवीये.”

“ही?” काकांनी चाकाला बुटाने टोला दिला. “हे पुरुषाचं जनावर आहे, पोरी. कंबर ढिली होईल. उद्या मागणी घालायला कोणी आलं तर दारात काय बघेल? ट्रक? अन् आतला डायव्हर म्हणजे नवरी?”

बाकांग हसला. गिऱ्हाईक कोण आणि निर्णय कोणाचा, हे त्याने तोवर ओळखले होते. पुढे तो काकांशीच बोलला.

“पण ठाण्यावर जायचं तर वाळू आहे,” केसेगो म्हणाली. “ही छोटी जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही.”

तेव्हा काकांनी टोपी काढली. ती त्यांची सवय होती. गंभीर बोलायचे असले की ते टोपी काढून छातीशी धरत. “केसेगो, तुझा बाप गेला तेव्हा गुरं कोणी सांभाळली?”

“तुम्ही.”

“माझ्याकडे गाडी आहे की नाही?”

“आहे.”

“मग दर डागणीला तुला कोण नेणार? मी काय मेलोय का? का माझ्या गाडीत बसायची तुला लाज वाटते?” आणि मग आवाज उतरवून, बाकांगला ऐकू जाईल इतपतच: “का तुला स्वतः येऊन बघायचंय? तसं असेल तर तसं सांग. सांग ना इथेच, की काकाचा भरवसा नाही म्हणून.”

चावडीच्या नोंदवहीत जिला ‘स्वखुशी’ म्हटले आहे, ती या क्षणी जन्माला आली. पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवणे म्हणजे परक्या माणसासमोर बापाच्या भावाला चोर म्हणणे. तिच्या समाजात ही गोष्ट तोंडाने करावी लागत नाही. वाहन निवडूनही होते. हे काकांना ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी निवड अशी मांडली की गाडी दिसेनाशी झाली आणि फक्त काका उरले. केसेगोने डाळिंबी गाडीच्या कागदांवर सही केली. परतीच्या वाटेवर काकांनी तिला रस्त्यालगत थांबवून तळलेल्या पिठाचे गोळे खाऊ घातले आणि “शहाणी गं माझी” म्हणून पाठ थोपटली. त्या थोपटण्याने तिला तेव्हा बरेही वाटले, आणि याच गोष्टीचा राग तिला पुढे सर्वांत जास्त येत राहिला.

पहिल्या हिवाळ्यात तिने विचारले, “काका, कधी निघायचं?” काका म्हणाले, “अगं, आम्ही तर परवाच जाऊन आलो. एकाएकी ठरलं.” दुसऱ्या हिवाळ्यात ती आठ दिवस आधी त्यांच्या दारात गेली. “जागा नाही, पोरी. पाण्याच्या टाक्या आहेत, जावई आहे. तुला काय टाकीवर बसवू?” वासरांना तिचा डाग कोणी दिला, असे विचारल्यावर ते म्हणाले, “दिला की. तुझ्याचसारखा.” ‘सारखा’ हा शब्द तिने घरी येऊन बराच वेळ चघळला. डागाचे लोखंड तर आईच्या पेटीतच होते.

तिसऱ्या हिवाळ्यात काका गावातून निघाल्याचे कळताच तिने रजा टाकली, फडक्यात गुंडाळलेला डाग मागच्या बैठकीवर ठेवला आणि डाळिंबी गाडी वाळूत घातली. मुरूम संपल्यावर तीन किलोमीटर ती गेली. मग गाडीचे पोट वाळूवर टेकले आणि चाके नुसती फिरत राहिली. तासाभराने गाढवांच्या गाडीतून दोन बहिणी आल्या, दोघीही म्हाताऱ्या, अंगाभोवती घोंगड्या.

“म्मा, ही गाडी चालते का पोहते?” थोरली म्हणाली.

“बसते,” केसेगो म्हणाली. “तेवढं एक तिला छान येतं.”

“मग राहू दे बसलेली. कोणी चोरत नाही. चोरणाऱ्यालाही ढकलावी लागेल ना!”

तिने डाग खांद्यावर घेतला आणि गाढवांच्या गाडीत चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ठाण्यावर पोचली. डागणी उरकलेली होती. राखेतून अजून धूर येत होता आणि काकांच्या पिकअपच्या चाकोऱ्या परत गावाकडे वळल्या होत्या. वाडग्यात तिच्या गाई होत्या. एकोणीसपैकी सतरा, प्रत्येकीच्या मांडीवर बापाने दिलेला केसेगोच्या नावाचा डाग. त्या गाईंना तीन वर्षांत झालेली पिल्ले होती, काही अजून आचळांना लागलेली. त्या सर्वांच्या मांडीवर काकांचा डाग होता. दूध तिच्या गाईंचे पिऊन वासरे काकांची झाली होती. यंदाच्या वासरांची कातडी अजून ओली होती. ती वाडग्याच्या काट्यांपाशी उभी राहिली. रडली नाही. गाई मोजल्या, वासरे मोजली, पुन्हा मोजली.

गावात परत आल्यावर तिने तक्रार केली. वस्तीचे मुखी तिरो यांनी पहिल्या बैठकीत काकांचे ऐकले, लेखनिकाने वर दिलेली नोंद लिहिली, आणि ती कायम करण्यासाठी दुसरी बैठक उघड्यावर बोलावली. त्या बैठकीत मुखींची मान होकारात हलली असती तर वासरे गेली असती, आणि वासरांमागून, सांभाळाचा मोबदला म्हणून, गाईही.

चावडीवर एक नियम कडक पाळतात: बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला मध्ये तोडायचे नाही. जो तोडील त्याला दंड. हा नियम दुबळ्यांच्या रक्षणासाठी आहे, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचा उपभोग ज्यांना बोलायला कोणी कधी मना केले नाही तेच घेतात, आणि काका त्या उपभोगात मुरलेले होते.

पुरुष खुर्च्यांवर, बायका चटयांवर. केसेगो उभी राहिली. तिने वासरांचे नावही काढले नाही.

“माझा एकच प्रश्न आहे,” ती म्हणाली. “काका तीस वर्षं त्या वाटेनं जातात. छोटी गाडी त्या वाळूतून जात नाही, हे मला गाडी निवडून देताना त्यांना ठाऊक होतं, का नव्हतं? नव्हतं म्हणाले तर मी खाली बसते. नोंद कायम करा.”

काकांना सुटायला एक शब्द पुरेसा होता. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे वाळू आपल्याला कळत नाही हे भर चावडीत कबूल करायचे. आणि वाळू कळणे, याखेरीज त्या माणसाजवळ दुसरी विद्या नव्हती. ते अजून टोपी काढत होते तोच मागच्या चटईवरून एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “मोरापेडीला वाट ठाऊक नाही? मग इतकी वर्षं जातो कुठे, अन् कोणाकडे?”

बायका हसल्या. खुर्च्यांवरचेही दोघे-तिघे हसले. काका अजून बोलू लागले नव्हते, त्यामुळे नियम मोडला नव्हता. ते ताडकन उभे राहिले. पहिल्या वाक्यालाच त्यांचा जावई खोकला. दुसऱ्याला तो अर्धा उठून म्हणाला, “बाबा, पुरे...” तोच मुखींनी काठी जमिनीवर आपटली. “खाली बस. तुझे सासरे बोलतायत.” जावई बसला. मुखींनी लेखनिकाला सांगितले, आता एकही शब्द गाळू नकोस. त्या दिवशीची नोंद म्हणून अशी आहे:

“वाट मला ठाऊक नाही असं कोण म्हणतं? डोळे बांधून सोडा मला त्या वाटेवर. छोटी गाडी पहिल्याच खोल वाळूत बसणार, हे मला ती विकत घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तर मी ती घ्यायला लावली. हिला पिकअप घेऊ दिली असती तर ही दर डागणीला आपलं लोखंड घेऊन माझ्यासमोर उभी राहिली असती, आणि मग त्या वासरांना माझा डाग मी दिला असता तो कसा?”