चहा नाही, कॉफी नाही

विल्मारच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तरी मेंढ्यांची लोकर कातरताना त्याच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. पायसांदू शहरातला डॉक्टर एचेगाराई म्हणाला, "सोनोग्राफी करू. औषध दिल्यावर नळीतला रक्ताचा वेग दुप्पट झाला तर ठीक. नाहीतर छाती उघडून बायपास."

मी विल्मारची बायको. त्याचा बाप त्याच ऑपरेशनात गेला.

आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. आम्ही पाळलं.

विल्मार डाव्या कुशीवर झोपला. डॉक्टरने छातीवर जेल चोपडून यंत्र टेकवलं. पडद्यावर रक्ताच्या वेगाच्या टेकड्या उमटल्या. शिरेतून औषध सोडलं. टेकड्या होत्या तेवढ्याच.

"काका, काही होतंय?"

"भूक लागलीय."

डॉक्टरचं तोंड उतरलं. "नळी पुन्हा अरुंद झालेली दिसते. सर्जनशी बोलतो." मग माझ्या काखेतल्या थर्मॉसकडे बघून म्हणाला, "बाई, एक येर्बा भरा."

भोपळ्याच्या पेल्यातल्या येर्बाच्या वाळक्या पाल्यावर मी गरम पाणी ओतलं. डॉक्टरने पेल्यातल्या धातूच्या नळीने एक घोट ओढला आणि तो थांबला.

"काका, हा सकाळी घेतलात?"

"म्हणजे काय! बाहेर बाकावर सगळ्यांनी फिरवला. तुमच्या नर्सनेसुद्धा."

"अहो, कॉफीत जे असतं तेच यात! औषध चालेल कसं?"

"मग बोलायला काय झालं होतं?" मी भडकले. "चहा म्हणे! इथे चहा पितं कोण? परक्या मुलखाची यादी पोपटासारखी म्हणता आणि माणसाची छाती फाडायला निघता?"

"चुकलो, बाई. येर्बा चहा-कॉफीत कोण मोजतं? मीही नाही मोजला."

कबूल केलं, म्हणून मी आवाज खाली आणला.

परवा पुन्हा बोलावलं. मधल्या दिवशी येर्बाही बंद, तर विल्मार कुत्र्यावर खेकसला, माझ्यावर खेकसला. "बायकोशिवाय राहीन एक वेळ," म्हणाला.

"राहून बघ," मी म्हटलं.

पुन्हा तोच पलंग. औषध आत गेलं तसा विल्मारचा चेहरा लाल झाला. "डोकं ठणकतंय," तो कण्हला. टेकड्या चढत गेल्या, दुपटीच्याही वर.

"मोकळी आहे नळी. बायपास नको. दुखणं वाकून वाकून स्नायूंचं असेल, बघू."

"मग उद्या कातरायला जाऊ?"

"गप पड," मी म्हटलं आणि कागद घेऊन त्याच्या छातीवरचं जेल पुसायला लागले. न फाडलेली छाती. सावकाश पुसली.