पाटलीच्या दोन रेघा

आमच्या वाढवणात घरोघरी डाय कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, मग त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की दागिन्याचा आकार उठतो. आमचे हे, नविन, यात एवढे गुंगायचे की मी चिडवायची, बायकोकडे कधी असं टक लावून बघितलं नाहीत. काम एकाच डोळ्याचं. उजव्याला भिंग लावायचं आणि डावा मिटायचा.

आणि नेमकी त्या उजव्या डोळ्यातलीच शीर तुंबली. २०१७ची गोष्ट. सकाळी हे उठले तर ह्यांच्या डोळ्यासमोर नुसता धूर. मी तर हबकलेच. वापीच्या डॉक्टरांनी डोळ्याचा स्कॅन काढला. म्हणाले, "पडद्याला सूज आहे, पण आतला थर शाबूत दिसतोय. इंजेक्शनं नीट घेतलीत तर तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचाल."

मी म्हटलं, "साहेब, ओळी वाचून आमचं पोट भरत नाही. कोरता येईल का?"

"ते मी कसं सांगू? वाचता येईल, एवढं सांगतो."

डोळ्यात सुई म्हणजे काय, बाई गं. हे आत निवांत, मीच बाहेर देवाचा धावा करत बसायची. पण डॉक्टर म्हणाले तस्संच झालं. ह्यांनी शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली. येताना डहाणूला उतरून मी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अर्धवट राहिलेली पाटलीची डाय काढली. दोन सरळ रेघा, मध्ये वेल. भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"डोळा आधीपासूनच बिघडला होता वाटतं. किती वाकड्या मारल्यात बघ."

दिवसभर खपून त्या रेघा पुन्हा कोरल्या. संध्याकाळी डाय माझ्यापुढे धरली. "आता बघ. सुतात आल्या, अगदी सरळ."

मी डाय हातात घेऊन बघितली. कडेचा तुकडा पुन्हा कोरायचा राहिला होता, तेवढ्यातल्या जुन्या रेघा सरळ होत्या. बाकी दोन्ही रेघा मधोमध वाकलेल्या.

"अहो, ह्या वाकड्या झाल्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळत. डाव्या डोळ्यानं बघा."

रागारागानं ह्यांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. सवय नाही, दोनदा निसटलं. मग बघितलं. पुन्हा उजव्यानं, पुन्हा डाव्यानं.

"योगिता," म्हणाले, "उजव्याला अजून सरळच दिसतायत गं."