उजव्या बाजूच्या तोट्या

मी एक बादली बोलतेय. पाणी भरायची नव्हे, मोजायची. मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी, बर्फ हटवणाऱ्या ट्रकांची शेड आहे. तिथे माझा मुक्काम.

मी जन्मले तीच मार खात. पोलादी पत्र्यावर यंत्राचा दणका बसला आणि पत्र्याची बादली झाली. मग कुणीतरी माझ्या पोटात मापाच्या रेषा कोरल्या. तेव्हापासून मला वाटायचं, झाला तेवढा मार पुरे.

ट्रकच्या मागे एक आडवा नळ असतो, त्याला ओळीने तोट्या. त्यांतून रस्त्यावर खारं पाणी पडतं, म्हणजे बर्फ रस्त्याला धरत नाही. किती पडतंय त्याचा आकडा चालकासमोरच्या स्क्रीनवर दिसतो. पण ती स्क्रीन पंपाचे फेरे मोजते. तोटीतून खरंच काय पडतंय, हे तिला कुठून कळणार? म्हणून ट्रक जागेवर चालू ठेवायचा, मला एकेका तोटीखाली धरायचं आणि माप जुळवायचं.

हे काम आयली कोस्केलाचं. ती शेडमधली मेकॅनिक. खाऱ्या पाण्याने माझी कडी गंजायची आणि तिची बोटं फुटायची. चिडली की ती मलाच शिव्या घालायची, पण गोड्या पाण्याने विसळल्याशिवाय कधी घरी गेली नाही.

रायमो लाहती हा चालकांतला सगळ्यात दांडगा. त्या हिवाळ्यात त्याचा ट्रक एकदाही मापाला उभा राहिला नव्हता.

"थंडीत बादल्या भरत बसायला मी काय गवळी आहे?" तो म्हणायचा, आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे.

एका सकाळी सरोवरावरचं धुकं रस्त्यावर गोठू लागलं. आयली मला घेऊन त्याच्या ट्रकसमोर उभी राहिली.

"मोजल्याशिवाय गाडी हलणार नाही, रायमो."

"बाजूला हो. पूल गोठायला लागलाय."

"म्हणूनच सांगतेय ना!"

त्याने तिला खांद्याने ढकललं आणि मला सणसणीत लाथ घातली. मी भिंतीवर जाऊन आपटले. ट्रक गेला.

रायमोची बायको डोरीन अधूनमधून चालकांसाठी वेलदोड्याचा गोड पाव करून आणायची. त्या दुपारीही ती निघाली. रायमोने सकाळी पाणी मारलेल्या त्याच पुलावर तिची गाडी गर्रकन फिरली, कठडा तोडून खाली गोठलेल्या नदीवर आदळली. ती जागीच गेली.

तिला पाहून रायमो तडक शेडवर आला.

"पुलावर पाणी मी मारलं होतं!" तो ओरडला. "स्क्रीनवर आकडा बरोबर होता! तूच काहीतरी बिघडवून ठेवलंस, सटवे!"

त्याने माझी कडी धरली. मला वाटलं, आता तरी मोजणार. पण मी हवेत उंच गेले आणि आयलीच्या जबड्यावर उतरले. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यात घुमला. दुसऱ्या घावाला ती खाली पडली. तिसरा तिने हातावर झेलला. मग मुकादम क्लेटन आणि दोघे चालक रायमोवर तुटून पडले. गुडघे, बुक्के, शिव्या. शेवटी त्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

आयली उठली, तिने मला उचललं. तिच्या तोंडातलं रक्त माझ्यात ठिबकत होतं.

"ट्रक... चालू करा."

"वेडी झालीस का? आधी दवाखान्यात चल," क्लेटन म्हणाला.

"चालू करा म्हणते ना!"

क्लेटनने रायमोचाच ट्रक चालू केला. तिने मला डावीकडच्या तोट्यांखाली धरलं. पाणी असं कोसळलं की मी बघता बघता भरले. मग उजवीकडे नेलं. तिथून थेंब थेंब गळत होते. तोट्यांत मिठाचे खडे घट्ट बसले होते. स्क्रीनवरचा आकडा मात्र अगदी बरोबर होता.

म्हणजे डोरीनच्या डाव्या चाकांखाली रस्ता होता आणि उजव्या चाकांखाली काच.

रायमोला धरणाऱ्यांचे हात सैल पडले. रायमो उठला, घण उचलला आणि त्या तोट्यांवर बरसू लागला. एक तोटी तुटून छपरावर उडाली. आयलीने पुढे होऊन घणाचा दांडा धरला.

"नको फोडूस. अजून तीन ट्रक त्याच पुलावर जायचेत. त्यांचं मोजायचंय."

त्याने घण सोडून दिला. पोलीस येईपर्यंत तिने आणखी एक ट्रक मोजला, आणि मगच दवाखान्यात गेली.

तिने तक्रार मागे घेतली नाही. रायमो तुरुंगात गेला. सुटल्यावर आपलं जॅकेट न्यायला तो शेडवर आला, दारातच घुटमळला.

"आयली, मी..."

"जॅकेट खुंटीवर आहे," ती म्हणाली. जबडा अजून नीट उघडत नव्हता.

तो जॅकेट घेऊन गेला.

माझ्या पोटात आता खोल पोचा आहे. रेषा आहेत, पण माप खोटं. म्हणून माझ्यात वाळू भरून मला दाराला लावलंय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मोजायला नवी बादली आलीय. येणाऱ्या चालकांनो, पूल गोठायच्या आधी तिच्याकडे जा. हात गारठतील, कुणीतरी हसेलही. हसू दे. ती भरेपर्यंत उभे राहा.