नानांनी काढलेली जवारी

तारा कमी आणि पैसे जास्त, हे गौडबंगाल भानुमतीबाईंना शेवटपर्यंत उलगडलं नाही. इलाइट चौराह्यावरच्या वाद्यांच्या दुकानात सहा तारांची नवी कोरी गिटार साडेचार हजारांना टांगलेली होती, आणि त्यांच्या सुनेने, मृदुलेने, चार तारांचं, लांब मानेचं, तपकिरी रंगाचं एक धूड सहा हजारांना घरी आणलं होतं. तेही वापरलेलं. त्यांनी मुलाला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, दोन तारा त्या दुकानदाराने काढून घेतल्या की काय. परागने समजावलं की ही बेस गिटार आहे, हिला चारच तारा असतात. त्यावर त्या म्हणाल्या, असतील, पण एवढे पैसे घेतले तर दोन वर बसवून द्यायला काय जात होतं.

झालं होतं असं, की झाशीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ हर्षितच्या ऑर्केस्ट्राची ठरलेली असते. हर्षित की-बोर्ड वाजवतो आणि सगळ्यांवर ओरडतो. यंदा उत्सवाला तीन आठवडे उरले असताना त्याच्या बेसवाल्याची रेल्वेने भुसावळला बदली केली आणि तो बेससकट निघून गेला. मंडळाच्या बैठकीत हे रडगाणं चाललं असताना, सात महिन्यांच्या ईशाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत बसलेली मृदुला बोलून गेली, "कॉलेजात चार वर्षं मी बेस वाजवायचे."

सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ईशाकडे. ईशाने ढेकर दिली.

हर्षितला नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा धीर होईना. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, बिलकुल टेन्शन घ्यायचं नाही. नाही जमलं तर मी डाव्या हातानं की-बोर्डवर काढून देईन. तसा बेस कुणाला ऐकू येतो?"

हे शेवटचं वाक्य मृदुलेच्या मनात मासळीच्या काट्यासारखं अडकलं. लग्नाआधी नागपूरला असताना तिचा स्वतःचा बेस होता. तो विकून टाकताना तिला वाईटही वाटलं नव्हतं. आता मात्र तिला त्या एका संध्याकाळी, त्या मंचावर, पाऊण तास उभं राहायचंच होतं. पाऊण तास कुणाचं दूध, कुणाचा लंगोट, कुणाची लस नाही.

हाताशी बारा हजार होते, आणि त्यात बेस आणि अॅम्प्लिफायर दोन्ही बसवायचे होते. दुकानदार अजयभैया लाल चकचकीत नवा बेस पुढे सरकवत होते. मृदुलेने तो डोळ्यासमोर आडवा धरून त्याच्या मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं. सुतार फळीची सरळ रेघ बघतो तसं. मान वाकडी होती. मग तिने मानेवरच्या धातूच्या एकेका पडद्यावर बोट ठेवून तार छेडली. सातव्या पडद्यावर आवाज मुका झाला. अजयभैयांनी सांगितलं, "मैडम, सातवां कोई नहीं बजाता." तिने कोपऱ्यातला तपकिरी बेस मागितला. एका चर्चच्या गायनमंडळाने तो विकला होता. रंगाचे टवके उडालेले, पण मान सरळ, खुंट्या घट्ट, आणि बटणं फिरवली तर खरखर नाही. ईशाच्या पाळण्याच्या कड्या तिने याच नजरेने तपासल्या होत्या.

अॅम्प्लिफायर म्हणून अजयभैया तिला गिटारचा एक छोटासा डबा देत होते. मृदुलेला माहीत होतं, बेसचे जाड स्वर त्यात जोरात सोडले की आतला स्पीकर फाटून कोंबड्यासारखा आरवतो. तिला मोठ्या स्पीकरचा हवा होता. तो अखेर दतिया गेटजवळ रात्रभर देवीची गाणी म्हणणाऱ्या एका जागरण पार्टीकडे मिळाला: की-बोर्डचा जुना अॅम्प्लिफायर, बारा इंची स्पीकर, पाच हजारांत. वरती कुंकवाचं स्वस्तिक, मागे देवीचं स्टिकर, आणि चालू केला की तापून अगरबत्तीचा वास यायचा. भानुमतीबाईंना एवढी एक गोष्ट पसंत पडली.

खरी लढाई मग सुरू झाली. बेस वाजायचा, पण तारा पडद्यांना घासून झीं झीं करायच्या. मृदुलेचे कान मुळातच तिखट. दुसऱ्या खोलीत ईशाचा श्वास जरा वेगळा झाला तरी ती धावत जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायची. आता त्या कानांना एक झीं मिळाली. तिला वरण शिजताना झीं ऐकू यायची.

पराग विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. त्याने फीलर गेज आणला, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. बेसच्या मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तिची षटकोनी चावी पाव आटा फिरवायची, एक दिवस थांबायचं, पुन्हा मोजायचं. मग खालच्या घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून एकेक तार उचलायची. परागचं म्हणणं, इंजिनाला एवढे लाड नसतात. तीन दिवस हे चाललं. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटर, बारीक तार दोन, हे सगळे आकडे मृदुलेने ईशाच्या दूध-झोपेच्या वहीत, 'सकाळी ९.१०, डावीकडून, बारा मिनिटं' याच्या खाली लिहून ठेवले. तिसऱ्या दिवशी झीं गेली. तार छेडली की गोल, स्वच्छ, जड आवाज.

हे सगळं सोफ्यावरून एकजण पाहत होता. मृदुलेचे सासरे अनंतराव, म्हणजे घरातले नाना, मंडळाच्या भजनांना चाळीस वर्षं तंबोरा धरून बसलेले. दोन वर्षांपूर्वी घर बदलताना त्यांच्या तंबोऱ्याचा भोपळा टेम्पोत फुटला. तेव्हापासून ते भजनाला फक्त टाळ्या वाजवायचे. पहिल्या दिवशी झीं ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. तिसऱ्या दिवशी ती बंद झाली तेव्हा ते पत्नीला हळहळून म्हणाले, "गेला बिचारीच्या हातचा. होता नव्हता तो जीव पण गेला आवाजातला." मृदुलेच्या कानावर ते आलं, पण तिला वाटलं ते अॅम्प्लिफायरविषयी बोलतायत. तिने आवाज थोडा वाढवला.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला. दुपारी मृदुलेला अॅम्प्लिफायर घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या मांडवात जावं लागलं, कारण मांडवाचे माइकवाले श्यामसुंदरजी बेस थेट भोंग्याला जोडायला निघाले होते. भोंग्यातून बेस म्हणजे हंड्यात बसून खाकरणारा माणूस. ईशाला ती पहिल्यांदाच दोन तास घरी ठेवत होती. बेसही घरीच ठेवला, उन्हाने मान हलू नये म्हणून. दोन तासांत तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा नाना म्हणाले, एकदम ठीक. तिसऱ्या वेळी मागे काहीतरी गुणगुणत होतं. तिला वाटलं फ्रिज बिघडला.

पाच वाजता ती घरी आली. ईशा झोपली होती. नाकाखाली बोट: श्वास व्यवस्थित. नाना सोफ्यावर, बेस उभा मांडीत धरून, डोळे मिटून, चारही तारा एकामागून एक छेडत होते. खोलीभर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं घुमत होतं.

"ये," त्यांनी डोळे उघडले. चेहरा असा की नातवंडाचं बारसं पुन्हा होतंय. "तीन दिवस बघत होतो, तू चावी घेऊन धडपडत होतीस. तुला सापडत नव्हती. पोरगी उठली, रडायला लागली, म्हणून म्हटलं आपणच हात घालावा. निघाली बघ जवारी."

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला लागणारं ते झणझणीत गुंजन, ज्याच्यावाचून तंबोरा म्हणजे नुसतं लाकूड. ती आणण्यासाठी तारेखाली रेशमाचा दोरा सरकवतात. नानांनी भानुमतीबाईंच्या भरतकामाच्या डब्यातून लाल रेशीम काढून चारही तारांखाली घातलं होतं. तेवढ्याने भागेना, तेव्हा टेबलावर पडलेल्या त्याच षटकोनी चावीने घोडीचे सगळे स्क्रू फिरवून तारा पडद्यांना टेकेपर्यंत खाली आणल्या होत्या. चार तारा असून तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांसारखी एकही जोडी जुळत नाही, याचाही त्यांना अचंबा वाटला होता. म्हणून सर्वांत जाड तार सैल करून खर्जाच्या षड्जावर, दुसरी होती तशी पंचमावर, तिसरी षड्जावर, आणि चौथी पार ढिली करून तिच्या जोडीला. पेटीच्या पांढरी दोनमध्ये अगदी चोख लागलेली. चूक काढायला जागा नव्हती.

 रडणारी ईशा झोपली होती. नानांच्या बोटांना तारेचा वळ उठला होता. मृदुला एवढंच म्हणाली, "नाना, छान लागलाय."

"लागणारच," नाना म्हणाले. "फक्त तार जाड वापरतात हे लोक."

बेस घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि चौथी तार पुन्हा वर चढवायला लागली. सहा वाजायच्या आत सगळं व्हायला हवं होतं, म्हणून भराभर. तार जुनी, चर्चची. दोन सूर वर गेली आणि तट्‌कन तुटली.

अजयभैयांना फोन केला. ते म्हणाले, बेसची तार सुटी येत नाही, पूरा सेट दिल्लीहून, बुधवारपर्यंत. हर्षितला सांगावंच लागलं. तो अजिबात रागावला नाही, हेच वाईट. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा गोडवा होता. "कोई बात नहीं वहिनी, मी डाव्या हाताने बघतो. तुम्ही समोर बसा आरामात, बाळाला घेऊन."

समोर, आरामात, बाळाला घेऊन.  मृदुलेने फोनवर शांतपणे विचारलं, "हर्षित, तुझ्या की-बोर्डची एखादी पट्टी तुटली तर तू समोर बसशील?" आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला. 

पराग शेडमधून आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती: पुढे बेस, फीलर गेज, आणि दूध-झोपेची वही. वहीत सगळे आकडे होते. ती वाचायची, पराग मोजायचा, ती स्क्रू फिरवायची. रेशमाचे चार तुकडे तिने पदराच्या टोकाला बांधून ठेवले, टाकवेनात. पाऊण तासात उरलेल्या तिन्ही तारा स्वच्छ झाल्या. सर्वांत जाड तार मात्र तिने नानांच्या खर्जावरच ठेवली, कारण तीही तुटली असती तर दोनच उरल्या असत्या, आणि मग भानुमतीबाईंनी सहा हजारांचा भागाकार केला असता. चौथ्या तारेचं तिला फारसं दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर कॉलेजातही ती तार तिने मिरवण्यापुरतीच वापरली होती.

मांडवात पहिल्या रांगेत नाना, त्यांच्या मांडीवर झोपलेली ईशा, शेजारी भानुमतीबाई. मृदुलेने मंचावर उभं राहायची जागा अशी निवडली की ईशाचं झबलं वर-खाली होताना दिसावं. हर्षितने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने डावा हात मोकळा ठेवला होता, तयारीत.

पहिली दोन गाणी धडपणे गेली. जाड तार एक सूर खाली होती, म्हणून बोटं दोन पडदे पुढे शोधावी लागत होती, पण सापडत होती. कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. लोक गाणाऱ्या ऐश्वर्याकडे बघत होते, प्रसादाच्या टोपलीकडे बघत होते.

तिसऱ्या गाण्यात भानुमतीबाईंनी मच्छर आले म्हणून ईशाच्या तोंडावरून शाल ओढली. चेहऱ्यावरून. पूर्ण.

मृदुलेचा हात थांबला.

गाण्याच्या खालची फरशीच कुणी काढून घेतल्यासारखं झालं. ऐश्वर्या पुढच्या शब्दावर अडखळली आणि मागे वळून बघायला लागली. ढोलकवाला एक ठेका चुकला. हर्षितचा डावा हात, इतका वेळ तयारीत असलेला, नेमका कुठे पडावा हे न कळून हवेतच राहिला. श्यामसुंदरजी धावत जाऊन वायरी तपासू लागले. मांडवातली दोनशे माणसं, ज्यांना बेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, एकदम मान वर करून विचारू लागली, काय गेलं? काय बंद पडलं?

मृदुला डोळ्यांनी सासूला खुणावत होती. भानुमतीबाईंना वाटलं सून लाजून बघतेय. त्यांनी हात हलवून धीर दिला. नानांना कळलं. त्यांनी शाल बाजूला केली, आणि मृदुलेला मंचावरून दिसेल असा हात उचलून ईशाच्या नाकाखाली बोट नेलं. थांबले. मान हलवली: आहे, चालू आहे.

मग मृदुलेने जाड तार मोकळी छेडली. खर्जाचा षड्ज, नानांनी लावलेला. जागरण पार्टीच्या अॅम्प्लिफायरमधून तो असा निघाला की प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पायांतून लोकांच्या पाठीत शिरला. ऐश्वर्येचे शब्द परत आले. हर्षितने डावा हात मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच ठेवला. ईशा उठली नाही.

कार्यक्रमानंतर हर्षित आला, मान खाजवत. म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षीपण हां. पण मध्ये थांबू नका."

घरी परतताना रिक्षात नाना बेस दोन्ही हातांनी धरून बसले होते. ईशा मृदुलेच्या खांद्यावर. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग निर्णय दिला: तीन तारांतही चांगलं लागलं होतं, खर्ज तर उत्तमच. "फक्त जवारी परत गेली. उद्या दुपारी बघू."

मृदुलेने पदराच्या टोकाची गाठ सोडून रेशमाचे चार तुकडे त्यांच्या हातात ठेवले. दिल्लीहून नवा सेट आला की जुन्या तारा त्यांच्याच, तिने कबूल केलं. अजयभैयांकडे एखादा जुना तंबोरा पडलेला असेल तर तोही बघू, परागने त्यात भर घातली.

घरी आल्यावर मात्र तिने पहिलं काम केलं ते हे: षटकोनी चावी औषधांच्या कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. तिथे ईशाचा हात पोचायला अजून पाच-सहा वर्षं होती. नानांचा पोचत होता. तिने कपाटाला कुलूप लावलं.