कुलपाचा पत्ता

मी पोपट बोलतोय. हसू नका. कुणाची फजिती झाली की तुम्ही 'त्याचा पोपट झाला' म्हणता, कुणी न समजता घडाघडा बोललं की त्याला पोपटपंची म्हणता. मला स्वतःला मात्र धड दोन शब्द बोलता येत नाहीत. मला येतं एकच काम, पत्ता उचलण्याचं. आणि आत्ता माझ्या पिंजऱ्यासमोर या शहराचे नवे महापौर मांडी घालून बसलेत. मी काय उचलतो त्यावर नदीवरच्या जुन्या पुलाचं ठरणार आहे.

माझा जन्म एका वठलेल्या झाडाच्या ढोलीतला. डोळे पुरते उघडायच्या आत कुणीतरी हात घालून मला काढलं आणि ज्योतिष सांगणाऱ्या माझ्या मालकांना विकलं. त्यांनी माझे पंख छाटले, पण माझे दाणे कधी चुकवले नाहीत. बाजारातल्या कमानीखाली आमची बैठक होती. मालक आधी गिऱ्हाइकाची पत्रिका बघायचे, कुठला ग्रह कुठे ठाण मांडून बसलाय ते सांगायचे, मग पत्त्यांची रांग मांडून पिंजऱ्याचं दार वर करायचे. दिव्याचं चित्र निघालं तर काम पुढे रेटा, कुलूप निघालं तर थांबा. लोकांना वाटायचं, पोपटाला ग्रह दिसतात. मला दिसायचे फक्त दाणे. आमचं गुपित एवढंच होतं, की मी रांगेवरून चालत जायचं आणि मालक खाकरले की समोरचा पत्ता उचलायचा.

मालक लबाड होते, पण दुष्ट नव्हते. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला काय ऐकायचंय ते ओळखायचे आणि तेच द्यायचे. रडत आलेली बाई हसत परत जायची, त्यात कुणाचं काही बिघडत नसे.

बिघडायला लागलं ते जुने महापौर यायला लागल्यावर. सभेत डरकाळ्या फोडणारा हा माणूस आमच्या चटईवर आला की गोगलगाय व्हायचा. ग्रहांचं ऐकून त्यांनी कचेरीचं दार दुसऱ्या भिंतीत नेलं, शपथेची वेळ बदलली, आणि एका चांगल्या अधिकाऱ्याला रास जुळत नाही म्हणून घरी बसवलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? त्या दिवशी मालकही माझ्याकडे बघत नव्हते.

मग एकदा महापौर पुलाचा विषय घेऊन आले. इंजिनिअर सांगून गेले होते की मधला खांब तडकलाय, पूल बंद करा. निवडणूक तोंडावर आली होती. पूल बंद म्हणजे अर्ध्या शहराला लांबचा वळसा, आणि खुर्ची गेलीच म्हणून समजा. त्यांना दिवा हवा होता, हे मलासुद्धा कळत होतं. दिवा निघाला तर बाजारात पक्कं दुकान मिळेल, असं त्यांच्या माणसाने आदल्या दिवशी येऊन मालकांच्या कानावर घातलं होतं.

मालकांनी ते त्याच रात्री घरी लेकीला सांगितलं. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, रोज त्याच पुलावरून बसने जायची. ताटात वाढता वाढता ती एवढंच म्हणाली, "बाबा, बस पुलावर चढली की हल्ली सगळे गप्प होतात."

दुसऱ्या दिवशी मी रांगेवरून निघालो. कुलूप आधी होतं, दिवा पुढे. मी कुलपापाशी आलो आणि मालक खाकरले. मी पत्ता उचलला. महापौरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मालकांकडे बघितलं, मालक चटईची दशी कुरवाळत बसले. मतदारांशी वैर परवडेल, ग्रहांशी नाही, असा महापौरांचा हिशेब असावा. त्याच संध्याकाळी पूल बंद झाला.

पूल पडला नाही. नुसता रिकामा उभा राहिला. लोक वळसा घालता घालता शिव्या देत राहिले, महापौर आपटले, आणि पोपटाने महापौरांचाच पोपट केला म्हणून शहरभर हसू झालं. आमची कमानीखालची जागा गेली. रोज उशीर होतो म्हणून लेकीलाही कारखान्यातून काढलं. त्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मुद्दाम खाकरलात ना?"

मालकांनी माझं पाणी बदललं. मग म्हणाले, "तुझी बस डोळ्यांसमोर आली गं. घसा अडकला."

गेल्या हिवाळ्यात मालक गेले. चटईवर आता लेक बसते. नव्या महापौरांना वाजतगाजत पूल उघडायचाय. इंजिनिअर म्हणतात, तडा वाढलाय. यांना इंजिनिअर नको, पोपट हवा. दिवा आला तर कमानीखालची जागा परत देऊ, असा निरोप काल येऊन गेला. लेक हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. घरातला डबा रिकामा आहे, माझ्या वाटीतही आज अर्धेच दाणे होते.

अहो साहेब, पूल इथून हाकेच्या अंतरावर आहे. जाऊन खांबाखाली उभे राहा, मान वर करा, म्हणजे झालं. ज्याला स्वतःचे पंख राखता आले नाहीत त्याला शहराचं कसलं विचारता?

दार वर झालंय. मी पाय ओढत चालतोय. कुलूप समोर आलं. स्वतःहून उचलावं म्हटलं तर चोच उघडत नाही. खाकरल्याशिवाय उचलायचं नाही, ही सवय हाडात मुरलीय. दिवा दोनच पत्ते पुढे आहे. मी नखं रोवून थांबलोय आणि मान वाकडी करून लेकीकडे बघतोय. तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. महापौर चुळबुळतायत.

पोरी, तुझ्या बाबांना तुझी बस आठवली होती. त्या बसमध्ये आता दुसऱ्या कुणाच्या तरी लेकी बसणार आहेत. खाकर ना गं.